ताक्याचा प्रवास आणि घराण्याचे भांडवल

इचलकरंजीत मागावरून उतरलेल्या कापडाची घडीखात्यात घडी होते, गाठी बांधल्या जातात आणि ट्रक राजस्थानातील बालोतरा किंवा पालीची, नाही तर गुजरातमधील अहमदाबाद किंवा जेतपूरची वाट धरतो. तेथे त्या ग्रे कापडाचे विरंजन होते, त्यावर रंग किंवा छपाई चढते. पुढे आणखी कुठल्या तरी शहरात त्याची कापणी आणि शिलाई होते. काही महिन्यांनी तेच कापड परकर, गाऊन किंवा सदरा होऊन कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारात परत आले, तर नवल वाटायला नको. इचलकरंजी ते गांधीनगर हे अंतर तासाभराचे आहे. ताका मात्र दोन हजारांहून अधिक किलोमीटर फिरून येतो आणि प्रत्येक मुक्कामावर कोणाचा तरी नफा, कोणाचे तरी भाडे आणि कोणाचे तरी व्याज त्याच्या किमतीत मिसळत जाते.

कापडाच्या पेढीवर दोन पिढ्या काढलेल्या अनेक घरांत आज यावरूनच चर्चा चालते. पुण्या-मुंबईहून शिकून परतलेला मुलगा वडिलांना विचारतो, ‘‘सूत आपण आणतो, विणून आपण घेतो, मग रंगाई, शिलाई आणि विक्री आपणच का करू नये? मधल्यांचा नफा घरात का राहू नये?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र उत्साहाने किंवा भीतीने न देता हिशेबाने द्यावे लागते, कारण त्यासाठी बहुधा राहते घर किंवा पेढीची जागा तारण पडणार असते.

वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत या मार्गाला उभे एकत्रीकरण म्हणतात. एकाच पायरीवरच्या दोन पेढ्या एकत्र आल्या तर ते आडवे. कापसापासून गिऱ्हाइकापर्यंतच्या वेगवेगळ्या पायऱ्या एका मालकीखाली आल्या तर ते उभे. विणकऱ्याने सूतगिरणी काढली तर तो मागे, कच्च्या मालाकडे सरकला. त्याने शिलाईचा कारखाना किंवा दुकान काढले तर तो पुढे, ग्राहकाकडे सरकला. उभ्या-आडव्या धाग्यांवर जगणाऱ्या गावाला ही परिभाषा अवघड वाटण्याचे कारण नाही.

ही कल्पना या भागाला नवीही नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली सुरू केला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी गावातील उद्योगाला आश्रय दिला. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची स्थापना केली. नावातच सूतकताई आणि विणकाम या दोन पायऱ्या एकत्र आहेत. एकाच जिल्ह्यात दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या वाटा निघाल्या. एक वाट एका छपराखाली अनेक पायऱ्या आणणाऱ्या गिरणीची, दुसरी एकच पायरी हाती धरून घरोघर पसरणाऱ्या मागाची. शाहू मिलचा भोंगा पुढे थांबला. इचलकरंजीचे माग एक लाखाच्या वर गेले.

याचा अर्थ सुटी पायरी नेहमीच शहाणपणाची, असा काढणे घाईचे होईल. मागांच्या या विस्तारामागे सरकारी धोरणाचाही मोठा हात होता. मुंबई-अहमदाबादच्या संयुक्त गिरण्यांत, म्हणजे बाजाराच्या भाषेत कंपोझिट मिलमध्ये, सूत, विणकाम आणि रंगाई एकत्र चाले. १९५६ च्या धोरणाने अशा गिरण्यांच्या मागांच्या वाढीवर मर्यादा घातली आणि करांचा भारही त्यांच्यावर अधिक ठेवला. विकेंद्रित मागांना त्यातून वाव मिळाला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक गिरण्या पूर्ववत उभ्या राहिल्याच नाहीत. विणकाम भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीकडे आणखी वळले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांतील भेद दूर करण्याची दिशा धरली. तयार कपड्यांची शिलाई लघुउद्योगांसाठी राखीव होती. विणलेल्या कापडाच्या तयार कपड्यांवरील ते आरक्षण २००० च्या धोरणाने हटले. म्हणजे साखळीचे तुकडे होण्यामागे जसा बाजार होता, तसा कायदाही होता. कायद्याचा तो अडसर आता राहिलेला नाही. जो प्रश्न आजोबांना पडलाच नसता, तो आज नातू विचारतो आहे, त्याचे हे एक कारण.

तुटलेली साखळी जोडण्याचा प्रयत्न इचलकरंजीने स्वतःच्या पद्धतीने केलेला आहे. एकट्या यंत्रमागधारकाला सूतगिरणी परवडणे शक्य नव्हते, म्हणून अनेकांनी मिळून सहकाराचा आधार घेतला. दि डेक्कन को-ऑपरेटिव्ह स्पिनिंग मिल उभी राहिली, त्यामागे विणणाऱ्यांच्या हाती स्वतःचे सूत असावे हा विचार होता. कापडावरील प्रक्रियेसाठीही यशवंत को-ऑपरेटिव्ह प्रोसेसर्ससारखी संस्था गावात निघाली. मागे सूत, पुढे प्रक्रिया आणि मधे हजारो स्वतंत्र माग, असा हा आराखडा होता. उभ्या एकत्रीकरणाची ही सहकारी तऱ्हा होती आणि तिची जाण आजच्या तरुण व्यापाऱ्याला असायला हवी.

त्यातून निघणारा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. राज्यातील सहकारी सूतगिरण्यांच्या भांडवलासाठी पुढे ५:४५:५० हे सूत्र रूढ झाले. शंभर रुपयांपैकी पाच सभासदांचे, पंचेचाळीस शासनाचे आणि पन्नास कर्जाचे. कारखाना नावाने सभासदांचा, पण त्यात त्यांचा स्वतःचा पैसा विसावा हिस्सा. ज्याचे पाचच रुपये गुंतलेले असतात, त्याची रात्रीची झोप पाच रुपयांपुरतीच उडते. कोणत्याही कर्जप्रकरणात मालकाचा स्वतःचा हिस्सा आधी पाहिला जातो, त्याचे कारण हेच आहे. साखळीचा नवा दुवा हाती घेताना त्यातील स्वतःच्या पैशाचे प्रमाण किती, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

आता एकत्रीकरणाचा खरा लाभ कशात आहे, ते पाहू. ‘मधल्यांचा नफा’ हा त्याचा सर्वांत दिसणारा, पण सर्वांत फसवा लाभ आहे. मधला माणूस केवळ नफा घेत नाही. तो माल साठवतो, उधारी देतो आणि बुडीतही सोसतो. त्याला काढले की ही तिन्ही कामे आपल्या अंगावर येतात. खरा लाभ आहे तो दोष वेळीच सापडण्याचा. दोन वेगवेगळ्या लॉटचे सूत चुकून एका ताक्यात आले, तर ग्रे कापडात ते डोळ्यांना कळत नाही. रंग चढल्यावर पट्टे उमटतात. तोवर ताका हजार मैलांवर गेलेला असतो. रंगाई करणारा विणकऱ्याकडे बोट दाखवतो, विणकरी सूतवाल्याकडे आणि बिलातील कपात शेवटी सर्वांत दुबळ्याच्या माथी येते. खळीचेही तसेच. मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ देतात. प्रक्रियेत पहिले काम तीच खळ धुऊन काढण्याचे असते. खळ लावणारा आणि धुणारा एकमेकांना ओळखत नसतील, तर एकाची सोय ही दुसऱ्याचा खर्च होते. हे दोघे एका सूत्रात आले की पाणी, रसायन आणि वेळ तिन्ही वाचतात.

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीकडे पाहिले, तर मोठ्या उद्योगांनी हेच हेरलेले दिसते. रेमंड समूहाने कागलला उंची सुती शर्टिंगचा प्रकल्प उभारला. तुर्कस्तानच्या सोक्तास कंपनीनेही येथे उंची शर्टिंगचा कारखाना काढला. २०१९ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या ग्रासिमने तो विकत घेतला. या उद्योगांनी कोल्हापुरात कापसाची शेती केली नाही. विणकाम आणि त्यावरील अंतिम प्रक्रिया, म्हणजे जेथे कापडाचा दर्जा ठरतो तो भाग, त्यांनी येथे घट्ट धरला.

जैन व्यापारी घराण्यांना परिचित असलेले याहून मोठे उदाहरण अहमदाबादच्या लालभाई कुटुंबाचे आहे. कस्तुरभाई लालभाई आणि त्यांच्या बंधूंनी १९३१ मध्ये अरविंद मिल सुरू केली. स्वदेशीच्या काळात परदेशी तलम कापडाच्या तोडीचे कापड येथे करणे, हा त्यांचा हेतू होता. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही गिरणी डेनिमकडे वळली आणि त्यानंतर तयार कपडे व ब्रँड यांकडेही गेली. सुतापासून दुकानापर्यंतची साखळी म्हणून तिचे नाव घेतले जाते. पण याच प्रवासात १९९० च्या दशकात मोठ्या कर्जावर क्षमता वाढवली गेली, डेनिमचे भाव उतरले आणि २००१ च्या सुमारास कर्जाची फेरआखणी करण्याची वेळ आली. कंपनी त्यातून सावरली, हे तिच्या व्यवस्थापनाचे श्रेय. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१८ मध्ये या समूहाने कापड करणारी कंपनी आणि ब्रँड विकणारी कंपनी वेगळ्या केल्या. कापड करणे आणि फॅशन विकणे यांत लागणारा पैसा, जोखीम आणि स्वभाव निरनिराळा असतो, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

देशाबाहेरही दोन्ही टोकांची उदाहरणे आहेत. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे अमेरिकन अपॅरल या कंपनीने शिलाईपासून जाहिरात आणि दुकानांपर्यंत सारे एका मालकीखाली ठेवले होते. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. साखळी पूर्ण होती, पण कर्जाचा भार आणि घसरती विक्री तिला पेलली नाही. स्पेनच्या झाराचे पहिले दुकान १९७५ मध्ये उघडले. तिच्या मूळ कंपनीने आराखडा, कापणी, मालाची ने-आण आणि दुकाने स्वतःकडे ठेवली. शिलाईचे बरेचसे काम मात्र गॅलिसिया आणि पोर्तुगालमधील छोट्या कार्यशाळांना दिले. सर्व दुवे आपले असावेत असा तिचा हट्ट नव्हता. कोणत्या दुव्यावर आपला हात असलाच पाहिजे, हे तिने ओळखले होते.

आता हिशेबाकडे वळू. केवळ उदाहरण म्हणून एक पेढी समजा. ती दरमहा ४० लाखांचे सूत रोखीने घेते आणि १० लाख मजुरी देऊन खर्चीवाल्यांकडून कापड विणून घेते. सूत ते कापड यास २५ दिवस लागतात आणि ग्रे कापडाचे पैसे ६० दिवसांनी येतात. सुताचा पैसा ८५ दिवस अडकला, म्हणजे सुमारे १ कोटी १३ लाख. मजुरीचा पैसा ६० दिवस अडकला, म्हणजे २० लाख. एकूण १ कोटी ३३ लाख रुपये या धंद्यात कायम फिरत राहतात.

हीच पेढी आता शर्टपर्यंत जायचे ठरवते. प्रक्रियेस ३० दिवस आणि दरमहा १२ लाख, शिलाई, बटणे, बांधणी यांस ३५ दिवस आणि दरमहा २८ लाख, शिवाय किरकोळ दुकानदाराला ९० दिवसांची उधारी. सुताचा पैसा आता १८० दिवसांनी परत येतो : २ कोटी ४० लाख. विणाईची मजुरी १५५ दिवस : ५२ लाख. प्रक्रियेचा खर्च १२५ दिवस : ५० लाख. शिलाईचा खर्च ९० दिवस : ८४ लाख. बेरीज ४ कोटी २६ लाख. महिन्याचा खर्च ५० लाखांवरून ९० लाखांवर, म्हणजे दुपटीहूनही कमी वाढला. अडकलेली रक्कम मात्र तिपटीहून अधिक झाली. दहा टक्के दराने वाढीव रकमेचे व्याजच वर्षाला सुमारे २९ लाख होते. यात यंत्रांची किंमत धरलेली नाही. हंगाम संपल्यावर उरलेले नको त्या मापाचे आणि नको त्या रंगाचे शर्टही धरलेले नाहीत. ग्रे कापडाचा भाव उतरतो, पण ते कधी ‘जुने’ होत नाही, शर्ट होतो.

हा हिशेब पुढे जाण्याच्या विरोधात नाही. वाढीव नफा या २९ लाखांच्या, घसाऱ्याच्या आणि पडून राहणाऱ्या मालाच्या वर जात असेल, तर पाऊल जरूर टाकावे. परंतु अनेक घरांत केवळ नफ्याची टक्केवारी पाहिली जाते. दिवस मोजले जात नाहीत. धंदा तोट्याने बुडण्याआधी बऱ्याचदा दिवसांनी बुडतो. नफा वहीत असतो आणि पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसतात.

मग ते दिवस भरून काढण्याचा सोपा मार्ग शोधला जातो, तो म्हणजे खालच्याचे पैसे थांबवणे. खर्चीवाला पिकावर मजुरी घेतो; सूत त्याचे नसते, बाजार त्याच्या हाती नसतो, पण वीजबिल आणि कामगारांचा आठवडी पगार त्याला चुकत नाही. त्याची मजुरी दोन-तीन महिने थकवून उभारलेली साखळी मोठ्या घरची असली, तरी तिचे भांडवल लहान घराने पुरवलेले असते. कायद्यानेही आता याची दखल घेतली आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ ब मध्ये नवे उपकलम जोडले. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे देणे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले जाईपर्यंत करातून वजा मिळत नाही. वरच्या उदाहरणातील पेढीने दुसऱ्याचे दिवस वापरण्याचे ठरवले, तर आता तिला त्यावर करही मोजावा लागेल.

पाण्याचा हिशेब तर याहूनही अवघड आहे. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ही संधी आहे, यात शंका नाही. परंतु रंगाई-धुलाईचे सांडपाणी कोठे जाणार, हा प्रश्न पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. ताका बालोतऱ्याला पाठवताना आपण त्याचे सांडपाणीही तिकडे पाठवत आलो. प्रक्रिया घरी आणायची, तर शुद्धीकरणाचा खर्च पहिल्या दिवसापासून प्रकल्पाच्या किमतीत धरला पाहिजे. तो वगळून फायद्यात दिसणारा प्रकल्प हा फायद्यातला नसतो. त्याचे देणे नदीच्या खात्यावर मांडलेले असते.

मग मुलाच्या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? सगळी साखळी नको आणि आहे तेथेच बसून राहणेही नको. आपल्या धंद्यात माल, पैसा किंवा विश्वास नेमका कोठे अडतो, ते आधी शोधावे आणि तेवढाच एक दुवा हाती घ्यावा. पट्ट्यांच्या तक्रारीत बिले कापली जात असतील, तर शर्टाच्या कारखान्याआधी सुताची लॉटवार नोंद, ताक्यांची तपासणी आणि चांगले शटललेस माग यांवर खर्च करावा. प्रक्रियेत माल रखडत असेल, तर चार पेढ्यांनी मिळून एका प्रक्रिया कारखान्याशी वर्षाचा करार करावा; मालकी नसतानाही दर्जा आणि तारीख करारात बांधता येते. शिलाईतच उतरायचे, तर गणवेश किंवा परकर यांसारख्या कमी बदलणाऱ्या मालापासून आणि मागणी हाती असलेल्या कामापासून आरंभ करावा. शिलाईची संस्था वेगळी, तिचे खाते वेगळे आणि तिच्यासाठीचे तारणही वेगळे ठेवावे. जुन्या पेढीची जामीनकी तिला सहसा देऊ नये. मोठ्या समूहाने जे २०१८ मध्ये केले, ते लहान घराने आरंभीच केलेले बरे.

नव्या पाऊलखुणांची मर्यादा आधी आखून घेण्याची रीत जैन घराण्यांना अनोळखी नाही. परिग्रहपरिमाणाचा संस्कार घराघरांत आहे. व्यवसायातही तो कामी येतो. या दिवाळीत चोपडीपूजनाला नवी वही उघडली जाईल, तेव्हा वडील आणि मुलगा यांनी एका पानावर सूत, सायझिंग, विणाई, प्रक्रिया, शिलाई आणि विक्री असे सहा शब्द एकाखाली एक लिहावेत. प्रत्येकापुढे आपला पैसा तेथे किती दिवस थांबतो आणि गेल्या वर्षात तेथे किती माल परत आला, एवढेच दोन आकडे मांडावेत. ज्या ओळीत दोन्ही आकडे मोठे निघतील, तिच्यावरून पुढची चर्चा सुरू करावी. घराचे कागद तिजोरीतून बाहेर काढण्याची वेळ त्या चर्चेनंतर येईल. अनेकदा ती येणारही नाही.